प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वयंचलित वर्कफ्लो बसवायचा आहे. पहिला नियम कोणता लिहावा?

प्रश्न: प्रवेशकक्ष_गंगापूररोड

नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवरील एका वरिष्ठ महाविद्यालयात मी प्रवेश कक्षाचे काम पाहते. प्रथम वर्ष बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि विनाअनुदानित बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स या तुकड्यांचे प्रवेश आमच्याकडे महाविद्यालय स्तरावर गुणवत्ता यादी लावून होतात. गेल्या वर्षी संस्थेने प्रवेशाचे सॉफ्टवेअर विकत घेतले. त्यात वर्कफ्लो नावाचा एक भाग आहे. ‘अमुक घडले आणि तमुक अट पूर्ण झाली, तर हे कर’ अशा ओळी त्यात आपणच लिहायच्या असतात. पुरवठादाराकडून आलेल्या गृहस्थांनी एक दिवस प्रशिक्षण दिले. कोणते बटण कुठे आहे ते त्यातून समजले, पण कोणता नियम कशासाठी लिहावा हे समजले नाही.

आम्ही लिहिलेला पहिलाच नियम अंगाशी आला. अर्ज भरून तीन दिवस झाले असतील आणि कागदपत्रांचा कोणताही रकाना रिकामा असेल, तर ‘आपला अर्ज अपूर्ण आहे, त्वरित पूर्तता करावी’ असा एसएमएस जावा, असा तो नियम होता. लिहिताना त्यात काही वावगे दिसले नाही. परंतु नॉन-क्रिमीलेयरचा (कुटुंब उन्नत गटात नसल्याच्या दाखल्याचा) रकाना खुल्या प्रवर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचा रिकामाच असतो, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचाही रिकामाच असतो, आणि मायग्रेशनचा (दुसऱ्या मंडळातून येणाऱ्यांच्या स्थलांतर प्रमाणपत्राचा) रकाना राज्य मंडळातून आलेल्या जवळपास सगळ्यांचा रिकामा असतो. परिणामी ज्यांचे शुल्क भरून प्रवेश निश्चित झाले होते त्यांनाही हा संदेश गेला, आणि तोही रात्री साडेअकराला, कारण ठरावीक वेळी चालणारे नियम सॉफ्टवेअर रात्री चालवते हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपासून सायकल स्टँडपर्यंत रांग लागली होती. पेठहून एक पालक पहाटेच्या एसटीने आले होते. पावसात भिजू नये म्हणून कागदांची फाइल त्यांनी खताच्या पिशवीत गुंडाळली होती आणि सर्वांत वर प्रवेश निश्चितीची पावती ठेवली होती. ती पावती त्यांनी काचेखालून सरकवली आणि ‘मॅडम, मग हे काय आहे?’ एवढेच विचारले.

प्राचार्यांनी त्याच दिवशी सर्व नियम बंद करायला लावले आणि उरलेला हंगाम आम्ही एक्सेलवर काढला. यंदा त्यांनी पुन्हा परवानगी दिली आहे, मात्र ‘आधी मला कागदावर दाखवा’ या अटीवर. म्हणून विचारते: सुरुवात कुठून करावी? कोणते काम यंत्रावर सोपवावे आणि कोणते माणसाच्या हाती ठेवावे? शुल्क आणि प्रतीक्षा यादी यांचे नियम कसे बांधावेत? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.


उत्तर: खिडकी_क्रमांक_तीन

मॅडम, मी महाविद्यालयीन कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि शेवटची काही वर्षे अशाच एका सॉफ्टवेअरवर काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संगणक क्षणभर बाजूला ठेवा आणि जुनी खाकी फाइल आठवा. ती एका वेळी एकाच टेबलावर असायची. आवक, छाननी, त्रुटी, प्राचार्यांची सही, रोखपाल, मग कपाट. फाइल कुठे आहे असे कोणी विचारले तर टेबलाचे नाव सांगितले की काम भागत असे. सॉफ्टवेअरमध्ये या टेबलालाच ‘स्थिती’ म्हणतात, आणि आपल्या नियमाची चूक अशी की त्याने फाइल कोणत्या टेबलावर आहे हे न विचारता थेट फाइल उघडून रिकामे कप्पे मोजले. तोच नियम ‘स्थिती त्रुटी असेल आणि त्या स्थितीत तीन दिवस झाले असतील तर’ असा लिहिला असता, तर प्रवेश निश्चित झालेल्या एकालाही संदेश गेला नसता.

तेव्हा प्राचार्यांना दाखवायचा कागद हा स्थितींचा असू द्या, नियमांचा नको. आमच्याकडे शेवटी नऊ स्थिती टिकल्या: सादर, छाननीत, त्रुटी, पात्र, यादीत, शुल्काच्या प्रतीक्षेत, प्रवेश निश्चित, प्रतीक्षा यादी आणि रद्द. प्रत्येक स्थितीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: अर्ज या स्थितीत कोण आणतो आणि येथून कोण हलवतो. ‘सादर’मधून ‘छाननीत’ यंत्र हलवील, हरकत नाही. ‘छाननीत’मधून ‘त्रुटी’ किंवा ‘पात्र’ हे मात्र कागद डोळ्यांनी पाहणाऱ्या लिपिकानेच करायचे. ‘शुल्काच्या प्रतीक्षेत’मधून ‘प्रवेश निश्चित’ पुन्हा यंत्र करील. ज्या स्थितीपुढे हलवणाऱ्याचे नावच लिहिता येत नाही, तेथे अर्ज जाऊन पडतात आणि ऑगस्टमध्ये सापडतात. आमच्याकडे ‘विचाराधीन’ नावाची अशी एक स्थिती होती. ती कोणी निर्माण केली हे कोणीच कबूल केले नाही.

दुसरा कागद म्हणजे प्रवर्गनिहाय कागदपत्रांचा तक्ता. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेयर लागते. अनुसूचित जाती व जमातींना ते लागत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला वेगळे पात्रता प्रमाणपत्र लागते. मायग्रेशन इतर मंडळांतून आलेल्यांनाच, आणि खंड असल्याचे प्रतिज्ञापत्र बारावी होऊन मध्ये वर्ष गेलेल्यांनाच. हा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये भरला की ‘रिकामा रकाना’ आणि ‘लागणारा पण नसलेला कागद’ यांतला फरक यंत्राला कळू लागतो. नॉन-क्रिमीलेयरसाठी आणखी एक रकाना ठेवा, वैधता दिनांकाचा. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि गेल्या वर्षीचाच दाखला पुन्हा जोडणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. ही तारीख तपासायला यंत्रासारखा कारकून नाही. माणसाचा डोळा शंभराव्या दाखल्यानंतर शिक्का पाहतो, तारीख पाहत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र यंत्रावर विसंबू नका. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नाव स्वतंत्र ओळीत असते; आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. आमच्या पुरवठादाराने मोठ्या उत्साहाने ‘नाव जुळत नसल्यास अर्ज नामंजूर’ असा नियम टाकून दिला होता. पहिल्याच दुपारी निम्म्याहून अधिक अर्ज नामंजूर झाले. नाव जुळत नसेल तर अर्जावर खूण उमटावी आणि लिपिकाने पाहावे, एवढेच पुरे.

एकाच विद्यार्थ्याचे दोन-तीन अर्ज येतात, तेही लक्षात ठेवा. ओळख पटवण्यासाठी मोबाइल क्रमांक धरू नका. मंडळ, परीक्षेचे वर्ष आणि बारावीचा आसन क्रमांक ही त्रयी धरा. राज्य मंडळाच्या आसन क्रमांकात आधी एक अक्षर आणि मग आकडे असतात. त्यातील शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टंकणारे पुष्कळ निघतात, तेव्हा राज्य मंडळाच्या अर्जांसाठी तो रकाना ‘आधी एक अक्षर, मग फक्त आकडे’ असा बंदिस्त करून घ्या.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. आपल्याकडील बी.एस्सी.च्या जागा घेणारे बरेच विद्यार्थी अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांकडे डोळे लावून बसलेले असतात. सीईटी कक्षाचे (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचे) जागावाटप जाहीर झाले की दोन दिवसांत रद्दीकरणासाठी आणि मूळ शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी खिडकीवर गर्दी होते. म्हणून ‘रद्द’ या स्थितीला दोन पायऱ्या करा: ‘रद्दची विनंती’ आणि ‘रद्द’. विनंती विद्यार्थी ऑनलाइन करील, पण मूळ दाखला परत दिल्याची सही झाल्याशिवाय दुसरी पायरी पूर्ण होऊ नये, आणि जागा मोकळी व्हायची ती दुसऱ्या पायरीलाच. आम्ही पहिल्या पायरीला जागा मोकळी करीत होतो. एका मुलीने विनंती मागे घेतली तोवर तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला देऊन झाली होती. शेवटी विद्यापीठाकडे वाढीव जागेसाठी पत्रव्यवहार करावा लागला.


उत्तर: सातपूरचा_संगणकवाला

वरील उत्तरात पाया आला आहे, मी यंत्राच्या बाजूचे तेवढे लिहितो. शैक्षणिक संस्थांना अशा प्रणाली बसवून देण्याचे काम मी करतो, त्यामुळे पुरवठादारांच्या खोड्या आतून माहीत आहेत.

नियम दोन प्रकारांनी चालू होतात. एक, काही घडले की लगेच: स्थिती बदलली, शुल्क आले, कागद चढवला. दुसरा, ठरावीक वेळी: रोज अमुक वाजता सर्व अर्ज तपासणे. घोळ बहुतेक दुसऱ्या प्रकारात होतात, कारण नियम रात्री यादी तयार करतो आणि संदेश पाठवणारा भाग ती यादी पुढे कधीतरी उचलतो. मधल्या काळात विद्यार्थ्याने कागद जोडलेला असतो. म्हणून ‘पाठवण्याच्या क्षणी अट पुन्हा तपासा’ अशी सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारा. पाठवण्याची वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सात अशी बांधून घ्या. प्रत्येक स्मरणपत्रासाठी ‘पाठवले’ ही खूण ठेवा, अन्यथा तोच संदेश रोज जात राहील.

शुल्काच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे भरल्यावर विद्यार्थ्याच्या पडद्यावर जे ‘यशस्वी’ पान येते, त्यावर नियम बांधू नये. सायबर कॅफेत मुलगा ते पान येण्याआधीच मागे जातो, वीज जाते, मोबाइल दुसऱ्याच्या हातात असतो. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन शुल्क स्वीकारणारी सेवा, आपल्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ‘प्रवेश निश्चित’ हे त्यावरच व्हायला हवे. तोच निरोप दोनदाही येऊ शकतो, त्यामुळे एकाच व्यवहार क्रमांकावर दुसरी पावती फाटणार नाही याची चाचणी घ्या. यूपीआयमध्ये खात्यातून रक्कम गेलेली पण व्यवहार प्रलंबित, असेही होते. त्यासाठी ‘शुल्क तपासणीत’ अशी एक मधली स्थिती ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गेटवेचा हिशेब व आपली यादी रोखपालाने ताडून पाहावी. त्या स्थितीतील अर्जाची मुदत मोजू नये. पैसे देऊनही जागा गेली, असा प्रसंग कोणत्याही कार्यालयाला परवडत नाही.

परताव्याची टक्केवारी नियमात कोरून ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपासून पुढे-मागे दिवस मोजून १००, ९०, ८०, ५० आणि शून्य टक्के असे टप्पे आहेत, परंतु नंतर काही वर्षांसाठी आयोगाने पूर्ण परताव्याच्या वेगळ्या तारखा दिल्या. तेव्हा तारखा आणि टक्के एका तक्त्यात ठेवावेत व नियमाने तो तक्ता वाचावा. परिपत्रक आले की तक्ता बदलायचा, नियमाला हात लावायचा नाही.

आता मराठी एसएमएस. इंग्रजी अक्षरांतील एका संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. पैसे तुकड्यांवर लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जाते, त्यामुळे ‘क्रि’ हे आपल्याला एक अक्षर वाटले तरी यंत्र ते चार मोजते. शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमानुसार संदेशाचा नमुना आणि पाठवणाऱ्याची ओळख डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर आधी नोंदवलेली असावी लागते. मंजूर नमुन्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी संदेश अडतो, आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र ‘पाठवला’ असेच दिसत राहते. जूनमध्ये नमुना मंजूर करून घ्यायला बसू नका, हे काम मे महिन्यातच संपवा.

ज्या संस्था सॉफ्टवेअर न घेता गूगल फॉर्म आणि शीटवर हेच करू पाहतात त्यांच्यासाठी जाता जाता: साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्टने (गूगलच्या स्वयंचलित कामांच्या सोयीने) दिवसाला १०० जणांनाच ईमेल जातो, संस्थेच्या वर्कस्पेस खात्यावरून १,५००, आणि एक स्क्रिप्ट एका वेळी सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. गुणवत्ता यादीच्या दिवशी ही मर्यादा नेमकी आड येते.

प्रतीक्षा यादीबाबत माझे मत स्पष्ट आहे. मुदत संपली की जागा आपोआप रद्द व्हावी आणि पुढच्याला आपोआप निरोप जावा. माणूस मध्ये आला की ओळखीपाळखी सुरू होतात.


उत्तर: सुरगाण्याची_शिक्षिका

शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि कारण सविस्तर सांगते.

मी सुरगाणा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमची मुले बारावीनंतर नाशिकला येतात तेव्हा बहुतेकांचा अर्ज बाजारच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या सेवा केंद्रात भरला जातो. अर्जातील मोबाइल क्रमांक कधी थोरल्या भावाचा असतो, जो द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीकडे किंवा निफाडकडे गेलेला असतो. कधी तो केंद्रचालकाचाच असतो, कारण ओटीपी त्याच्याकडे आला की काम लवकर उरकते. आमच्या एका पाड्यावर फोनला रेंज हवी असेल तर टेकडीवरच्या मंदिरापर्यंत चढावे लागते, आणि पावसाळ्यात तेथेही भरवसा नाही. आपल्या प्रणालीत ‘संदेश पोहोचला’ अशी नोंद असेल, पण तो कोणाला पोहोचला?

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीची जागा शहरातील एका महाविद्यालयात अशाच चोवीस तासांच्या नियमाने गेली. निरोप शुक्रवारी संध्याकाळी आला, शनिवारी संध्याकाळी मुदत संपली, आणि ती सोमवारी पैसे घेऊन गेली. खिडकीवरच्या गृहस्थांनाही वाईट वाटले. ते म्हणाले, ‘सिस्टीमने रद्द केले, माझ्या हातात काही नाही.’ ओळखीपाळखी नकोत हे मला मान्य आहे. परंतु सिस्टीमने केले म्हणजे कोणीच केले नाही, ही सोयदेखील मला तितकीच धोक्याची वाटते.

माझ्या सूचना तीन आहेत. अर्जात दुसरा संपर्क क्रमांक सक्तीचा करावा, आणि तो कनिष्ठ महाविद्यालयाचा किंवा वर्गशिक्षकाचा दिला तरी चालेल असे तेथेच लिहावे. मुदत तासांत न मोजता कार्यालयीन दिवसांत मोजावी. आणि मुदत संपल्यावर अर्ज ‘रद्द’मध्ये न जाता ‘मुदत संपली’ अशा वेगळ्या यादीत जावा; लिपिकाने दोन्ही क्रमांकांवर एकदा फोन करून, काय बोलणे झाले ते नोंदवून, मगच निर्णय घ्यावा.


उत्तर: सातपूरचा_संगणकवाला

ताई, कार्यालयीन दिवसांचा मुद्दा मी निरुत्तर होऊन मान्य करतो. सुट्ट्यांचा तक्ता भरला की बहुतेक प्रणालींमध्ये ते करता येते, आम्हीच आळस करतो. फोनच्या नोंदीबाबत एक भर घालतो: फोन कोणी, किती वाजता केला आणि निर्णय कोणाच्या लॉगिनमधून झाला, हे नोंदले गेले आणि नंतर पुसता येत नसले, तर ओळखीपाळखीची माझी शंकाही बरीच कमी होते. त्यासाठी सर्वांनी एकाच लॉगिनवर काम करणे मात्र थांबवावे लागेल. बहुतेक कार्यालयांत पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो.


उत्तर: देवळालीचा_पालक

मी तांत्रिक माणूस नाही, पण असे संदेश मिळालेला पालक आहे. ‘आपल्या अर्जात त्रुटी आहे, कृपया पोर्टल पाहावे’ हा संदेश मला एका आठवड्यात चार वेळा आला. कोणती त्रुटी, हे एकदाही लिहिलेले नव्हते. पोर्टलवर लाल रंगात ‘त्रुटी’ एवढाच शब्द होता. चौथ्या दिवशी रजा टाकून गेलो, तेव्हा कळले की गुणपत्रिकेचा फोटो उलटा चढला होता. तो घरबसल्या दोन मिनिटांत सरळ झाला असता.

आणखी एक विनंती. मुलांचे जातीचे दाखले आणि आधार यांचे फोटो ‘लवकर होईल’ म्हणून कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर मागवू नयेत.


उत्तर: खिडकी_क्रमांक_तीन

पालकांच्या दोन्ही मुद्द्यांना माझा दुजोरा. त्रुटीचे कारण लिपिकाने मोकळ्या मजकुरात न लिहिता ठरलेल्या यादीतून निवडावे, म्हणजे तेच शब्द संदेशात आपोआप जातात. आमच्या यादीत चौदा कारणे होती आणि त्यांपैकी पाच-सहाच रोज लागत. ‘इतर’ हे कारण ठेवू नका. ठेवले की सगळे तेच निवडतात.

खाजगीपणाबाबत: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. बारावी झालेल्यांपैकी बरेच जण जूनमध्ये १७ वर्षांचेच असतात. अर्जात जन्मतारीख असतेच. ती पाहून पालकांच्या संमतीचा भाग आपोआप उघडावा, एवढा नियम सहज लिहिता येतो. आधारची प्रत हवीच असेल तर शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत मागावी.


प्रश्नकर्ती: प्रवेशकक्ष_गंगापूररोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात कागदावरचे काम केले.

स्थितींचा तक्ता ए-थ्री कागदावर काढून प्राचार्यांना दाखवला. त्यांनी एकाच ठिकाणी लाल रेघ मारली: ‘पात्र’मधून ‘यादीत’ हे कोण हलवणार, हे आम्ही लिहिलेच नव्हते. तेथे आता प्रवेश समितीचे नाव आहे. ‘शुल्क तपासणीत’, ‘मुदत संपली’ आणि ‘रद्दची विनंती’ या तीन स्थिती तुमच्या सांगण्यावरून वाढवल्या, म्हणजे एकूण बारा झाल्या. जास्त वाटतात, पण प्रत्येकीपुढे कोणाचे ना कोणाचे नाव आहे.

त्रुटीच्या संदेशाचा नमुना असा केला आहे: ‘अर्ज १०४२: नॉन-क्रिमीलेयर दाखला जोडलेला नाही. मुदत २५ जून, सायं. ५.’ काना-मात्रांसह मोजले तर एवढे ६७ भरते. त्यापुढे महाविद्यालयाचे नाव आणि कार्यालयाचा दूरध्वनी जोडला की दुसरा तुकडा सुरू होतो. लेखापालांनी खर्चाबद्दल विचारले. मी त्यांना पेठच्या पालकांच्या एसटीच्या तिकिटाची आठवण करून दिली आणि त्यांनी पुढे काही विचारले नाही.

त्यानंतर वीस खोटे अर्ज भरून चाचणी घेतली. मुद्दाम वाकडेतिकडे भरले: एक खुल्या प्रवर्गातील, एक सीबीएसईची, एक दोन वर्षे खंड पडलेला, एक मुदत संपलेल्या नॉन-क्रिमीलेयरचा, एकाच आसन क्रमांकाचे दोन. प्रवर्गाचा तक्ता नीट चालला. फसले ते वेगळ्याच ठिकाणी. ‘त्रुटी’मधील विद्यार्थ्याने कागद जोडला तरी अर्ज त्रुटीतच बसून राहिला, कारण त्याला परत ‘छाननीत’ आणणारा नियम आम्ही लिहिलाच नव्हता, आणि तीन दिवसांनी त्याला पुन्हा स्मरणपत्र गेले. गेल्या वर्षीचीच चूक, नव्या वाटेने. आता कागद चढला की अर्ज आपोआप ‘छाननीत’ येतो आणि लिपिकाच्या यादीत सर्वांत वर दिसतो. पाठवताना अट पुन्हा तपासली जाते का, या प्रश्नावर पुरवठादाराने आधी दूरध्वनीवर ‘हो’ म्हटले होते. लेखी विचारल्यावर ‘पुढील आवृत्तीत’ असे उत्तर आले, म्हणून स्मरणपत्रांचा नियम रात्रीऐवजी सकाळी साडेदहाला, कार्यालय उघडे असताना, चालवायचे ठरवले आहे. निदान यादी आणि संदेश यांत फार अंतर राहणार नाही, आणि काही बिघडलेच तर थांबवायला मी समोर असेन.

यंदा चारच नियम चालू ठेवत आहोत: अर्ज मिळाल्याची पोच, कारणासह त्रुटीचे स्मरणपत्र, कागद चढल्यावर अर्ज परत छाननीत आणणे आणि वेबहुकवरून शुल्काची निश्चिती. दुसरा संपर्क क्रमांक सक्तीचा केला आहे आणि त्याखाली ‘आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचा क्रमांक चालेल’ अशी ओळ छापली आहे. पालकांच्या संमतीचा भाग जन्मतारखेवरून उघडतो. पाचही कर्मचाऱ्यांना स्वतंत्र लॉगिन दिली आहेत, आणि होय, मॉनिटरवरची चिठ्ठी काल मीच काढली.

प्रतीक्षा यादीचा नियम लिहून ठेवला आहे, पण बंद आहे. ती यादी यंदा मी फोनजवळ वही घेऊन स्वतःच चालवणार आहे.